बाईला ‘फक्त शुगर’ असते

सकाळी सात वाजता लॅबचं शटर वर करते तेव्हा पायरीवर चार-पाच जण आधीच बसलेले असतात. उपाशीपोटीची शुगर द्यायची असते, चहाची तलफ आलेली असते, सगळ्यांनाच घाई. त्यात एखादं जोडपं असतंच. नवऱ्याच्या हातात डॉक्टरांची चिठ्ठी: शुगर, तीन महिन्यांची सरासरी, लिपिड प्रोफाईल, क्रिएटिनिन, लघवीतलं प्रोटीन, वर ईसीजी. त्याचं नाव लिहून झालं की मी बायकोकडे बघते. ‘यांचं?’ ‘हिचं काय नाही, फक्त शुगर बघा.’ हे उत्तर दर वेळी नवराच देतो असं नाही. निम्म्या वेळा तीच देते. ‘माझं काय ओ मॅडम, फक्त शुगर.’

बावीस वर्षं मी सोलापूरच्या पूर्व भागात लोकांचं रक्त काढते आहे, आणि त्या ‘फक्त’वर माझा राग आहे. मधुमेह झालेल्या बाईला आपण पायाच्या जखमेची भीती घालतो, डोळ्यांची घालतो, किडनीचीही घालतो. तिच्या काळजाबद्दल मात्र कुणी बोलत नाही. हार्ट अटॅक हा आपल्या डोक्यात अजून पुरुषाचाच आजार आहे: पोट सुटलेला, सिगरेट ओढणारा, दुकानाच्या गल्ल्यावर बसल्या बसल्या छातीला हात लावणारा माणूस. भाकरी थापता थापता घाम फुटलेली बाई त्या चित्रात बसत नाही.

वैद्यकशास्त्राला हे ठाऊक होऊन बरीच वर्षं झाली. अमेरिकेत फ्रॅमिंगहॅम नावाचं गाव आहे. तिथल्या हजारो माणसांच्या हृदयाचा हिशोब १९४८ पासून ठेवला जातो आहे. १९७९ साली त्या हिशोबातून निघालं की मधुमेहाचा हृदयावरचा परिणाम तुलनेने बायकांवर जास्त होतो. पुढे २०१४ मध्ये जगभरातले ६४ अभ्यास एकत्र करून साडेआठ लाखांहून जास्त माणसांची माहिती तपासली गेली. मधुमेहामुळे पुरुषाचा हृदयविकाराचा धोका मधुमेह नसलेल्या पुरुषाच्या सुमारे २.२ पट होतो. बाईचा मधुमेह नसलेल्या बाईच्या सुमारे २.८ पट. पक्षाघाताचंही तसंच, तिथे फरक थोडा कमी आहे, पण पारडं बाईकडेच झुकलेलं.

यावर कुणी हुशार माणूस म्हणेल, ‘अहो, पण अटॅक पुरुषांनाच जास्त येतात ना?’ येतात. हे लपवून लेख लिहिण्यात अर्थ नाही. समजण्यापुरते आकडे घेऊ. शंभर पुरुषांत दहांना आणि शंभर बायकांत पाच जणींना हृदयविकार होणार होता असं धरा. सगळ्यांना मधुमेह झाला, तर पुरुषांत दहाचे बावीस होतील, बायकांत पाचाचे चौदा. पुरुष पुढेच राहतात. पण पाळी चालू असेपर्यंत निसर्गाने बाईला जी सवलत दिलेली असते, ती मधुमेह काढून घ्यायला लागतो, आणि हे कुणी तिला सांगत नाही. ती सवलतीच्या हिशोबानेच जगत राहते. तिचा डॉक्टरही त्याच हिशोबाने चालतो. चौदा जणी चौदाच असतात. पलीकडे बावीस पुरुष आहेत म्हणून त्या कमी होत नाहीत.

हे असं का होतं याचं उत्तर एका वाक्यात देता येत नाही, पण एक भाग मला लॅबमध्ये बसून रोज दिसतो. बाईचं शरीर चरबी आधी मांड्या-नितंबांवर साठवतं. तिथली चरबी फारशी उपद्रवी नसते. ती पोटात, यकृताभोवती सरकायला लागते तेव्हा गोंधळ सुरू होतो. म्हणजे शुगरची रेषा ओलांडायला बाईला पुरुषापेक्षा जास्त लांबचा प्रवास करावा लागतो, जास्त वजन वाढावं लागतं. त्या प्रवासात बीपी चढतं, ट्रायग्लिसराईड ही रक्तातली चरबी वाढते, चांगलं कोलेस्टेरॉल घसरतं, आणि शुगर मात्र ‘बॉर्डरला आहे, काळजी नको’ इतकीच असते. शेवटी उपाशीपोटीची शुगर १२६ च्या वर जाते आणि घरात जाहीर होतं की हिला आता शुगर लागली. रक्तवाहिन्यांचं नुकसान कित्येक वर्षं आधीच सुरू झालेलं असतं. पुरुषाचं हे सगळं थोडं लवकर, थोड्या कमी वजनावर उघडकीला येतं. त्याला लवकर पकडलं जातं आणि औषधं लवकर सुरू होतात.

‘मी कुठं जाड आहे?’ हा प्रश्नही रोजचा. खरं असतं; हात बारीक, गाल बसलेले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी आपल्याकडच्या बाळांबद्दल दाखवून दिलं आहे की ती वजनाला कमी भरतात, पण अंगात चरबीचं प्रमाण तुलनेने जास्त असतं. बारीक दिसणारं, आतून चरबीचं शरीर आपण जन्मापासून घेऊन फिरतो. म्हणून वजनकाट्यापेक्षा कमरेची टेप खरं बोलते. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटर, म्हणजे साडेएकतीस इंच, ही सीमा, पुरुषासाठी ९०. देशातल्या २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातल्या मोजमापांप्रमाणे सुमारे ४० टक्के बायकांचा घेर सीमेबाहेर होता. पुरुषांत हे प्रमाण १२ टक्के.

माझ्या गल्लीत पाच-सहा घरांत शाळेचे गणवेश शिवले जातात. सोलापूरचा हा मोठा धंदा. त्या घरांतल्या बायकांच्या गळ्यात दिवसभर टेप असते. एकदा सहज म्हणून मी एकीला म्हटलं, ‘वैनी, तुमच्याच टेपने तुमची कंबर मोजू.’ ती इतकी हसली की शेजारणी बघायला आल्या. बेंबीच्या जरा वर टेप लावली, सदतीस इंच. अठरा वर्षं ती दुसऱ्यांच्या पोरांच्या कमरा मोजत होती. स्वतःची कधीच मोजली नव्हती.

विडी वळणाऱ्या बायकांबद्दल थोडं जास्त लिहिते, कारण त्यांच्याशिवाय पूर्व भागाचं आरोग्य म्हणजे काय हे सांगताच येत नाही. सकाळी पानं ओली करायची, कातरायची, मांडीवर सूप घेऊन बसायचं ते विड्यांचा आकडा पुरा होईपर्यंत. पाठ वाकलेली, पाय दुमडलेले, नाकात तंबाखूची धूळ. विड्या नेऊन दिल्या की दुसऱ्या दिवसाची पानं-तंबाखू हातात पडते. एक दिवस दवाखान्यात गेला की त्या दिवसाची मजुरी बुडाली, त्यामुळे ‘पुढच्या महिन्यात बघू’ हे त्यांच्या तोंडी असतं. आणि अनेकींच्या दातांना मिश्री. मिश्रीला कुणी व्यसन म्हणतच नाही. ‘तंबाखू खाता का?’ विचारलं तर ‘छे!’ म्हणतात, मिश्री विचारली तर ‘ती तर दात घासायला.’ मधुमेह असलेल्या बाईच्या अंगात रोज दोन-तीनदा निकोटीन जातं आणि तिच्या कागदावर तंबाखूच्या रकान्यात ‘नाही’ लिहिलेलं असतं.

या बायकांच्या बोटाला ग्लुकोमीटरची सुई लावायची तर कसब लागतं. पान गुंडाळून गुंडाळून अंगठा आणि तर्जनीची कातडी टणक झालेली असते; टोचलं तरी थेंब येत नाही. मी करंगळीच्या शेजारचं बोट निवडते, तेही कडेने. एक अक्का म्हणाली होती, ‘या बोटाला काम नाही, हे टोच.’

१९७६ च्या कायद्याने विडी कामगारांसाठी कल्याण निधी उभा राहिला, विडीवरच्या उपकरातून त्यांच्यासाठी दवाखाने चालले. २०१७ मध्ये जीएसटी आला आणि तो उपकर संपला. शहराजवळच्या कुंभारीत विडी कामगार बायकांच्या घरकुलांसाठी सोलापूरने लढाई केली, ती अर्धी-अधिक जिंकलीही. पक्कं छप्पर ही छोटी गोष्ट नाही. पण त्या छपराखाली दिवसभर बसून विड्या वळणाऱ्या पन्नाशीच्या बाईच्या बीपीसाठी कुणी मोर्चा काढल्याचं मला आठवत नाही.

खाण्याबद्दल फार लिहायची इच्छा नाही. सोलापूरच्या बाईला शेंगाचटणी सोड म्हणणारे आहारतज्ज्ञ मी पाहिलेत. ते मला पटत नाहीत. चटणीने कुणाचं काळीज बंद पडत नाही. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण ‘ज्वारी आहे ना’ म्हणून चार खाल्ल्या तर शुगर तिचं काम करणारच. माझा आक्षेप उपवासांवर आहे. सोमवार, चतुर्थी, श्रावण, नवरात्राचे नऊ दिवस. आणि ताटात साबुदाणा, बटाटा, रताळं, वर गोड चहा. नवरात्रात नऊ दिवस गोळ्या बंद केल्याचं दसऱ्यानंतरच्या रिपोर्टवरून मी न विचारता सांगू शकते. देवीला हे चालत असेल असं मला वाटत नाही.

‘रोज चाला’ हा सल्ला देणाऱ्यांनी आमच्या भागात येऊन बाईने कुठे चालायचं ते दाखवावं. सिद्धेश्वर तलावाकाठी, होम मैदानाच्या बाजूला सकाळी फिरणारे असतात, पण ते शहराच्या मधोमध राहणाऱ्यांचं सुख. मे महिन्यात सकाळी आठलाच चटका बसतो, संध्याकाळी सातला स्वयंपाक. आणि पाणी. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही, चार-चार, पाच-पाच दिवसांनी येतं, आणि कधी पहाटे, कधी मध्यरात्री. ज्या दिवशी पाणी, त्या दिवशी बाई घर सोडत नाही. उपाशीपोटीची शुगर द्यायला येते म्हणालेली बाई आली नाही की मी समजून जाते, आज त्यांच्या गल्लीत पाणी. दोन तास बादल्या, पिंपं, टाकी. मग दमून एक कप चहा. मग ‘मॅडम, चुकून चहा प्यायले, उद्या येते.’ उद्या म्हणजे दोन महिन्यांनी. हा निष्काळजीपणा नाही. घरात एवढं काम एकाच माणसावर टाकलं की त्याचं स्वतःचं काम मागे पडतं, इतकंच.

आता ‘पित्ता’बद्दल. मला वाटतं, सोलापुरात बायकांचे जितके हार्ट अटॅक ओळखायचे राहिले असतील, त्यातले निम्मे तरी या एका शब्दामुळे राहिले असतील. आकडा नाही माझ्याकडे, अनुभव आहे. माझी आई. चौदा वर्षांची शुगर, गोळ्या वेळेवर, गोड खात नव्हती. मे महिन्यातली दुपार. म्हणाली, ‘पोटाच्या वर जळजळतंय, मळमळतंय, जबडा आखडल्यासारखा वाटतोय.’ घाम होता, पण मे महिन्यात घाम कुणाला नसतो? जवळच्या डॉक्टरांकडे नेलं. पित्त झालंय म्हणून इंजेक्शन दिलं, सोडा प्यायला सांगितला. रात्री बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी जिना चढताना धाप लागली, मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे ईसीजी काढल्यावर कळलं की अटॅक आदल्या दिवशीच येऊन गेला. हृदयाचा बराच भाग काम करेनासा झाला होता. चार वर्षं जगली, पण त्यानंतर तिने पाण्याची एक बादली उचलली नाही.

त्या डॉक्टरांना मी दोष देत बसले नाही. द्यायचा तर मला द्यावा लागेल. माझ्या लॅबमध्ये ईसीजीचं मशीन होतं. घरापासून चालत सात मिनिटं. मला सुचलं नाही, कारण ती आई होती, तिला पित्त होत असे.

छातीत कळ न येता अटॅक येतो, हे मधुमेहात नवल नाही. पायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो, त्याचं कारण साखरेने नसा, म्हणजे मज्जातंतू, बिघडतात. हृदयाकडे जाणाऱ्या नसाही तशाच बिघडतात. मग दुखण्याचा निरोप मेंदूपर्यंत धड पोचत नाही. बायकांमध्ये तसंही धाप, कमालीचा थकवा, मळमळ, पाठ किंवा जबडा दुखणं ही लक्षणं पुरुषांपेक्षा जास्त दिसतात. या दोन गोष्टी एकत्र आल्या की ‘पित्त’ हा शब्द तयार होतो. माझं म्हणणं एवढंच: चाळिशी उलटलेल्या, शुगर असलेल्या बाईला एकाएकी घामासकट ‘पित्त’ झालं, तर आधी ईसीजी, मग सोडा. सरकारी रुग्णालयात तो निघतो, लहान दवाखान्यातही निघतो. दहा मिनिटांचं काम आहे.

लॅबचीही एक चूक कबूल करून टाकते. चांगलं कोलेस्टेरॉल, म्हणजे एचडीएल, पुरुषाला ४० च्या वर आणि बाईला ५० च्या वर हवं. आमच्या छापील रिपोर्टवर कित्येक वर्षं दोघांसाठी एकच ४० होतं. ४४ असलेल्या बाईचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ म्हणून घरी जायचा. एका तरुण डॉक्टरीणबाईंनी फोन करून खडसावलं तेव्हा माझ्या लक्षात आलं. सॉफ्टवेअरमध्ये एक आकडा बदलायला पाच मिनिटं लागली. बाईला पुरुषाच्या मापाने मोजायची सवय किती खोल असते, हे मला त्या पाच मिनिटांत कळलं. तसंच तीन महिन्यांच्या सरासरीचं. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय असेल तर एचबीएवनसी, म्हणजे हीच सरासरी, खऱ्यापेक्षा वर दिसू शकते. आणि आपल्या देशात १५ ते ४९ वयातल्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आहे. हिमोग्लोबिन न बघता त्या एका आकड्यावर गोळी वाढवणारे आहेत.

पण साखरेच्या आकड्याभोवतीच इतकं फिरायचं का, हा माझा मूळ प्रश्न. डेन्मार्कमध्ये १६० मधुमेही रुग्णांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना नेहमीचे उपचार. निम्म्यांची साखर, बीपी, कोलेस्टेरॉल तिन्ही एकाच वेळी कडक ताब्यात ठेवलं, चालणं-खाणं बदललं. सुमारे आठ वर्षांनी, २००३ मध्ये निकाल आला: दुसऱ्या गटात हृदय-रक्तवाहिन्यांच्या घटना जवळजवळ निम्म्यावर. त्यात नुसत्या साखरेचं श्रेय नव्हतं. बीपीची गोळी आणि कोलेस्टेरॉलची, म्हणजे बायकांच्या भाषेत चरबीची गोळी, दोन्ही आता स्वस्तात मिळतात, जेनेरिक तर फारच. तरी बायका ‘चरबीची गोळी’ आधी बंद करतात, कारण घरात कुणीतरी सांगतं की तिने यकृत खराब होतं, आणि ज्या डॉक्टरांनी लिहून दिली त्यांनी ती कशासाठी हे सांगायला दोन मिनिटं काढलेली नसतात. मधुमेह असलेल्या चाळिशीपुढच्या बहुतेकांना ती हृदयासाठी देतात, अंगावरच्या चरबीसाठी नाही, एवढं वाक्य पुरेसं आहे.

आता मला खरं जे म्हणायचं आहे त्याच्याकडे येते. बाईच्या काळजाचा धोका पन्नाशीत उघडा पडतो, पण त्याची पहिली चिठ्ठी पंचविशीत आलेली असते. गरोदरपणात.

आपल्या सरकारच्या सूचनेप्रमाणे गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून देतात, ती उपाशी असो वा जेवलेली, आणि दोन तासांनी रक्त तपासतात. १४० किंवा वर आलं की गरोदरपणातला मधुमेह. ही तपासणी पहिल्या भेटीत, आणि ठीक निघाली तर २४ ते २८ आठवड्यांत पुन्हा. सोपी पद्धत आहे, बाईला उपाशी यायला लावत नाही, आणि तिचं श्रेय चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांच्या आग्रहाला आहे. बाळंतपण झालं की बहुतेकींची साखर उतरते. घरात सगळे सुटकेचा श्वास सोडतात: ‘ती गरोदरपणाची होती, गेली.’ गेली नसते. अशा बाईला पुढे कायमचा मधुमेह होण्याची शक्यता इतर बायकांच्या सातपटींहून जास्त असते, हे २००९ मध्येच प्रसिद्ध झालं. २०१९ च्या एका मोठ्या एकत्रित अभ्यासाने सांगितलं की अशा बायकांना पुढे हृदयविकार-पक्षाघाताचा धोका सुमारे दुप्पट, आणि ज्यांना कायमचा मधुमेह झालाच नाही त्यांनाही सुमारे दीडपट. गरोदरपणात बीपी चढलेल्या बायकांचंही पुढचं चित्र असंच काळजीचं आहे.

म्हणजे पंचविशीतल्या बाईने, जिला अजून कुठलाच आजार नाही, तिच्या शरीराने आपलं पुढचं भविष्य एका कागदावर लिहून दिलेलं असतं. त्या कागदाचं आपण काय करतो?

सहा आठवड्यांनी पुन्हा तपासा, असं त्याच सूचनेत लिहिलं आहे. पण सहा आठवड्यांनी बाई कुठे असते? माहेरी. आमच्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी. सोलापूरच्या कितीतरी सुनांचं माहेर विजापूर, कलबुर्गी भागातलं. म्हणजे दुसरं राज्य, दुसरं आरोग्य केंद्र, दुसरी आशाताई. तपासणी सासरच्या केंद्रात झाली, बाळंतपण माहेरच्या, आणि डिंकाचे लाडू खाऊन तीन-चार महिन्यांनी बाई परत आली तेव्हा दोन्ही ठिकाणच्या रजिस्टरमधून तिचं प्रकरण बंद. ती आता माता नाही, बाळाची आई आहे. हा फरक शब्दांचा वाटेल, पण आरोग्य व्यवस्थेत तो खोल्यांचा आहे: मातेची खोली वेगळी, बाळाची वेगळी, शुगर-बीपीची तिसरी. तिसऱ्या खोलीत तिला तिशीनंतर बोलावतात.

तिथे काय विचारतात? आशाताई घरोघरी एक फॉर्म भरतात, त्यावर गुण मिळतात. वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, व्यायाम, आणि घरात कुणाला मधुमेह-बीपी-हृदयविकार आहे का. आईला शुगर असेल तर बाईला गुण मिळतात. तिला स्वतःला गरोदरपणी झाली होती का, याला गुण नाहीत. सासूच्या गुडघेदुखीपासून दिराच्या लग्नापर्यंत सगळं आशाताईंना माहीत असतं, हा एक प्रश्न विचारायला त्यांना अर्धं मिनिट लागेल.

आशाताईंवर अजून एक काम टाकू नका, असं म्हणणाऱ्यांचं मला पटतं. त्यांचं मानधन आणि त्यांच्या पिशवीतली रजिस्टरं बघितली की लाज वाटते. म्हणून माझी सूचना त्यांना घरोघर फिरवण्याची नाही. बाई स्वतःहून आरोग्य केंद्रात येते, आणि दिलेल्या तारखेला येते, असा एक प्रसंग आपल्याकडे आहे: बाळाची लस. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, नववा महिना, दीड वर्ष, पाचवं वर्ष. आपली बाई स्वतःची शुगर दहा वेळा चुकवेल, पोराची लस चुकवणार नाही. पाणी आलं असलं तरी शेजारणीला नळावर बसवून जाईल. आईच्या तपासण्या आणि बाळाच्या लसी एकाच माता-बाल कार्डावर असतात. मग ज्या बाईच्या कार्डावर गरोदरपणातली साखर किंवा बीपी लिहिलेलं आहे, तिला त्याच बाकावर बसवून, त्याच दिवशी दीड महिन्याला ग्लुकोज द्या. दोन तास बाळाला पाजण्यात जातील. पुढे दीड वर्षाला शुगर, बीपी, कंबर; पाचव्या वर्षाला पुन्हा. बाळाला सुई टोचणारी नर्स तीच, टोचण्याचा डबा तोच. नवी इमारत नको, नवी योजना नको, पुढाऱ्याच्या फोटोचा फलक नको. माहेरच्या केंद्रात लस दिली तर तिथेही हाच नियम, कारण कार्ड तिच्या हातात असतं.

खर्च होईल हे खरं. ग्लुकोजची पावडर, पट्ट्या, थोडं नर्सचं डोकं दुखणं. बायका घाबरतील असंही काही डॉक्टर म्हणतात. मी त्यांना विचारते, तुमच्याकडे चाळिशीत येणारी बाई घाबरत नाही का? तिला घाबरायला तुम्ही पंधरा वर्षं उशीर करता, एवढाच फरक.

मागच्या हिवाळ्यात, गड्ड्याची जत्रा चालू होती तेव्हा, एक बाई आली. छत्तीस-सदतीस वर्षांची, टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला. सतत थकवा म्हणून डॉक्टरांनी पाठवलेली. जेवणानंतरची शुगर २८०, बीपी १५० च्या वर. जन्मतारखेच्या कुठल्याशा कामासाठी मुलाचं कार्ड पिशवीत होतं, म्हणून मी ते मागून घेतलं. प्लॅस्टिकच्या पिशवीत, रेशनकार्डाला चिकटून, कोपरे जपलेलं. २०१५ चं. एका पानावर निळ्या पेनने लिहिलेलं: ग्लुकोजनंतर दोन तास, १६८. त्याभोवती कुणीतरी गोल काढलेला. उलटून बघितलं तर लसींचं पान. सगळे रकाने भरलेले, तारखा आणि सह्यांसकट, पाचव्या वर्षापर्यंत. मी बोट ठेवून मोजल्या. बाळंतपणानंतर सहा वेळा ती त्या केंद्रात जाऊन आली होती.

मुलगा तिच्या खांद्याला टेकून उभा होता, पाचवीतला. त्याने कार्ड माझ्या हातातून घेतलं, आईचं पान उघडलं आणि विचारलं, ‘हे गोल कशाला केलंय?’

‘तू पोटात होतास तेव्हाचं आहे ते,’ ती म्हणाली. ‘माझं काही नाही.’